इंजिनाला अस्तर

६ जानेवारी

वन्सं,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. बाबा गेल्यापासून आपण एकमेकींना फक्त निरोप पाठवले, तेही ह्यांच्या तोंडून, आणि हे निम्मा निरोप वाटेतच विसरतात. आज काम आहे म्हणून लिहितेय. "तुमची फार आठवण येते" असं खोटं लिहिलं असतं, तर तुम्ही त्या कागदाने तुमच्या मशीन शॉपमधल्या लेथखालचं तेल पुसलं असतं. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्यच पुरं होऊ देत नाही. कागदाला ती भीती नाही.

काम बाबांच्या गाडीचं आहे.

तिचं मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा जोड, तडकलं. गॅरेजवाल्याने भंगारातून त्याच जातीच्या नव्या गाडीचं मॅनिफोल्ड आणलं आणि कसंबसं बसवलं. मधे जी दोन बारकी भोकं होती ती "नुसती भानगड आहे, ताई" म्हणत पॅकिंग लावून बुजवून टाकली. गाडी सुरू झाली, चाललीही. पण धुराच्या तपासणीत नापास. पुन्हा कार्बोरेटर जुळवून नेली, पुन्हा नापास. आता एकच संधी उरली आहे, मार्चअखेरची. तिसऱ्यांदा नापास झाली की तिथेच नंबरप्लेट उचकटतात आणि गाडी पत्रे दाबणाऱ्या यंत्रात जाते. नियमच आहे तसा.

गॅरेजवाला म्हणतो, हे फिरतं इंजिन काढून टाका, साधं पिस्टनचं बसवून देतो. हे म्हणतात, विकून टाक, आपण दोघं माणसं, आपल्याला बस आहे. मी शिवणकाम करणारी बाई. मला एवढंच दिसतं की नवं मॅनिफोल्ड आणि जुनं इंजिन यांची मापं जुळत नाहीत. अंग एकाचं, झंपर दुसऱ्याचा. मधे एखादी जोडपट्टी घातली तर बसेल असं वाटतं. तशी पट्टी कोण करू शकतं, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

तुमच्या उत्तराची वाट बघते. "नाही" असेल तर तेही लिहा, पण तुमच्या हाताने.

तुमची भावजय


१४ जानेवारी

टेलरबाई,

नाही म्हणायला मला शाई खर्च करायची गरज नव्हती, तेव्हा समजून घे.

तुझ्या गॅरेजवाल्याला माझ्याकडून सांग की ती दोन भोकं भानगड नाहीत, तोच भानगड आहे. नीट ऐक. त्या इंजिनात पिस्टन नाहीत. आत पोट फुगलेले दोन तिकोनी रोटर गरगर फिरतात. त्यामुळे ते मऊ चालतं, पण त्याची एक खोड आहे. पेट्रोल पूर्ण जळत नाही, थोडं कच्चंच धुरात निघून जातं. म्हणून बनवणाऱ्यांनी एक पंप दिलाय. तो ताजी हवा मॅनिफोल्डमधून, इंजिनाच्या अंगातल्या बोगद्यातून थेट धुराच्या वाटेवर सोडतो. तिथे आधीच सगळं तापलेलं असतं, वर हवा मिळाली की कच्चं पेट्रोल तिथल्या तिथे जळतं. त्या दोन भोकांपैकी एक या हवेचं. दुसरं पाण्याचं, जुन्या मॅनिफोल्डला गरम पाणी लागायचं, नव्याला लागत नाही. म्हणजे हवेचं उघडं ठेवायचं आणि पाण्याचं बंद करायचं. त्या शहाण्याने दोन्ही बंद केली. माणसाचं नाक दाबून "चाल" म्हणण्यातला प्रकार.

जोडपट्टी होईल. जाड ॲल्युमिनियमची प्लेट लागेल. इंजिनाच्या बाजूने जुन्या मापाची, मॅनिफोल्डच्या बाजूने नव्या मापाची, आणि मधली चार मोठी भोकं तिरकी. माझ्याकडे बसेल असा एकच ठोकळा आहे. मॅनिफोल्ड पार्सलने पाठव. इंजिन पाठवता येणार नाही, म्हणून त्याच्या तोंडाचा ठसा कागदावर घेऊन पाठव. कागद ताणला जाता कामा नये. आणि बंड्याला, तुझ्या नवऱ्याला, त्यात हात घालू देऊ नकोस. लहानपणी त्याने माझ्या सायकलची चेन "सरळ" केली होती.

एक विचारते. बाबांनी गाडी तुला दिली, तुझ्या नावावर आहे. भंगारात गेली तर तुझं असं काय बिघडतं?

नणंद


२२ जानेवारी

वन्सं,

मॅनिफोल्ड वेगळ्या पार्सलने निघालंय. जुन्या रजईत गुंडाळलंय. रजई परत नको.

ठसा सोबत आहे. तो घ्यायला मला तीन कागद फुकट घालवावे लागले. आधी वरून पेन्सिल घासून बघितली, तर बोल्टच्या टोकांवर कागद फाटला. मग इंजिनाच्या तोंडाला काजळी आणि तेल फासलं आणि आमचा पॅटर्नचा पातळ कागद त्यावर अलगद दाबला. कपड्याला इस्त्री दाबावी तसा. सगळी भोकं उठली. काळ्या बाजूला हात लावला की पसरतं, म्हणून "हवा", "पाणी", "वर" ही नावं कोऱ्या बाजूला लिहिली आहेत. हे शेजारी उभे राहून "अगं सांभाळ, अगं सांभाळ" करत होते. मी म्हटलं, तुम्ही सांभाळा, तिकडे उभं राहून. तर खरंच दोन पावलं मागे गेले आणि तिथून सांभाळायला लागले.

तुम्ही विचारलंत, माझं काय बिघडतं. लिहू का नको, असं आठवडाभर चाललं होतं.

शेवटच्या वर्षात बाबांना गाडी चालवता येत नव्हती. संध्याकाळी ते शेडमध्ये येऊन शेजारच्या सीटवर बसत आणि मला इंजिन सुरू करायला लावत. कुठे जायचं नसे. डोळे मिटून ऐकत बसायचे. मग म्हणायचे, "काहीतरी खरखरतंय. मला नाही कळत आता. माझ्या पोरीने ऐकलं असतं ना, इथे बसून सांगितलं असतं कुठला बोल्ट ढिला आहे ते." रोज तेच वाक्य. सुरुवातीला मला राग यायचा. गाडी सुरू करते मी, पांघरूण घालते मी, आणि कौतुक तुमचं. नंतर राग गेला. मला वाटायला लागलं की ते इंजिन ऐकतच नाहीत, तुम्हाला ऐकतायत.

ती गाडी चेपून तिचा चौकोनी गठ्ठा झालेला मला बघवणार नाही. एवढंच.

तुमची भावजय


९ फेब्रुवारी

टेलरबाई,

मॅनिफोल्डसोबत प्लेट पाठवली. हातात घेशील तेव्हा कडेवरून बोट फिरव. आरशासारखी आहे. माझा जुना फोरमन म्हणाला, "बाई, ही बसवायची कशाला, भिंतीवर लावा."

ठसा स्वच्छ होता. एवढा स्वच्छ ठसा आमच्या पोरांकडून मला कधी मिळालेला नाही. कागद काळी बाजू वर करून प्लेटवर ठेवला आणि पोगराच्या टोकाने भोकांचे मध्य ठोकून खुणा करून घेतल्या. नावं तू पाठीमागे लिहिलीस, म्हणून दिव्यासमोर धरून वाचली. पुढल्या वेळी डोळ्यांना एवढा त्रास देऊ नकोस.

चार मोठी भोकं तिरकी घेतली आहेत. हवेचं आरपार पाडलं. पाण्याच्या जागी धातू भरीव ठेवलाय, तिथे काही करायचं नाही. बोल्ट मधून सुरुवात करून कडेकडे आवळायचे, एकदम नाही, थोडे थोडे. सगळी बाजू सारखी बसली पाहिजे. पंपाची नळी सगळ्यात शेवटी जोड.

पत्रातला मधला मजकूर वाचला. लेथ चालू होता, मी बंद केला, एवढं सांगते.

नणंद


२० फेब्रुवारी

वन्सं,

कसं लिहावं कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

प्लेट बसली. चारही मोठी भोकं एकाला एक अशी जुळली की गॅरेजवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. मी शेडमध्ये टाळ्या वाजवल्या. पंपाची नळी अजून जोडलेली नव्हती. ह्यांनी मॅनिफोल्डच्या हवेच्या तोंडाला तळहात लावला, "ओढतंय का बघतो" म्हणून.

ओढत नव्हतं. इंजिन तापलं आणि त्या तोंडातून गंजाचं लाल पाणी फर्रकन उडालं. ह्यांच्या शर्टावर, चष्म्यावर, केसात. हे जागेवरच उभे. म्हणाले, "हिला मी आवडत नाही." शेजारीपाजारी हसले. मी नाही हसले. इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून राहिले.

म्हणजे जिथे बंद हवं तिथे भोक आहे आणि जिथे भोक हवं तिथे बंद आहे. मी नावं लिहून दिली होती, हवा कुठली आणि पाणी कुठलं. तुम्हाला कामं फार असतात हे मला माहीत आहे. घाईत अदलाबदल झाली असेल. माणसाच्या हातून होतं.

आता काय करायचं ते सांगा.

तुमची भावजय


२४ फेब्रुवारी

घाईत माझ्या हातून काही होत नाही. मी घाई करत नाही.

तुझ्या कागदावर भोक जिथे होतं तिथेच मी पाडलं. केसभरही इकडेतिकडे नाही. "माणसाच्या हातून होतं" हे वाक्य माझ्या शॉपमध्ये कुणी उच्चारत नाही. ठसा घेताना तूच काहीतरी उलटसुलट केलं असशील. उंटावरून शेळ्या हाकायला मी बसलेच होते, माझंच चुकलं.

तसा ठोकळा आता माझ्याकडे नाही. मागवला तर यायला दीड महिना लागेल. तोवर तुझी तारीख निघून गेलेली असेल.

बंड्याला जास्त भाजलं नाही ना?

नणंद


८ मार्च

वन्सं,

नाही भाजलं. तुमच्या पत्रातलं तेवढंच वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

तुमच्या पत्रानंतर मी शेडला कुलूप लावलं आणि मशीनवर बसले. मला राग आला की मी शिवते. एका बाईचा कोट होता, बाह्या कापायच्या होत्या. डोक्यात तुम्ही. मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत होते, आणि फार छान सुचत होती. बाह्या कापून जोडायला घेतल्या, तर दोन्ही बाह्या उजव्याच. अहो, वीस वर्षांत माझ्या हातून असं झालेलं नाही. पॅटर्न एकदा सुलटा ठेवायचा आणि एकदा उलटा ठेवायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी दोन्हीदा तसाच ठेवला होता.

आणि कात्री हातातच राहिली. वन्सं, प्लेटचंही हेच झालंय.

बघा. आम्ही कापडावर खूण करतो ती नेहमी उलट बाजूला, जी बाजू अंगाला लागणार तिला. खडू आत, चांगली बाजू बाहेर. ठसाही मी तसाच घेतला. काळी बाजू आत, इंजिनाला चिकटलेली. आणि तुम्ही लिहिलंत की कागद काळी बाजू वर करून प्लेटवर ठेवला. म्हणजे तुमच्याकडे खूण केलेली बाजू ती आपल्यासमोरची, मॅनिफोल्डकडची. तिथेच सगळं उजव्याचं डावं झालं! चार मोठी भोकं दोन्हीकडून सारखीच आहेत, म्हणून ती जुळली आणि आपल्याला कळलं नाही. ती दोन बारकीच तेवढी एक डावीकडे, एक उजवीकडे आहेत; त्यांचीच अदलाबदल झाली.

तुमचं भोक केसभरही चुकलेलं नाही. माझाही ठसा चुकलेला नाही. आपण दोघी आपापल्या जागी बरोबर होतो, आणि म्हणूनच पाणी ह्यांच्या अंगावर उडालं.

आधी वाटलं, प्लेट पालथी करून लावावी. पण भोकं तिरकी आहेत, पालथी केली की इंजिनाचं माप मॅनिफोल्डकडे जातं. मग सुचलं ते लिहिते. हसायचं तर हसा.

अस्तर घालायचं.

कोटाचं माप चुकलं की आम्ही कोट फेकून देत नाही, आतून पट्टी लावतो. इंजिन आणि प्लेट यांच्यामध्ये दोन पत्रे. इंजिनाला लागणारा पहिला पातळ; त्यात फक्त हवेचं भोक, पाण्याच्या जागी बंद. दुसरा त्याहून जाड. त्यात प्लेटच्या चुकलेल्या भोकापासून इंजिनाच्या खऱ्या भोकापर्यंत एक लांबट चर. हवा प्लेटमधून येईल, चरातून आडवी जाईल आणि आपल्या भोकात उतरेल. पाणी जागच्या जागी कोंडलेलं. वाटेत एक बोल्ट येतो, म्हणून चर सरळ घेता येत नाही. मी तो बाही जोडतात त्या मुंढ्यासारखा गोलाई देऊन काढलाय. कागद सोबत आहेत.

आणि या वेळी नावंबिवं काही नाहीत. कागदात कच्चे टाके घातलेत, आरपार. लाल दोऱ्याची गाठ ज्या बाजूला, ती बाजू इंजिनाकडे.

होईल का?

तुमची भावजय


१३ मार्च

टेलरबाई,

हसले. तुला नाही, मला. फोरमन आत येऊन बघून गेला की बाईंना काय झालं. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, तीस वर्षं आपण काळी बाजू वर ठेवतो, का ठेवतो ते कुणाला विचारलंय?" मी म्हटलं, तू जा, चहा पी.

आधी मला वाटलं, हे चालणार नाही. चरात हवा अडेल, दोन पत्र्यांच्या फटीतून फुसफुसेल. तुला तसं खरमरीत लिहायला बसले. लिहिता लिहिता हिशोब केला, तर अडत नव्हती. चर थोडा रुंद केला की पुरेशी हवा जाते. मग पुढचं वाक्य मला लिहिता येईना, म्हणून कागद बाजूला ठेवला आणि मशीन सुरू केलं.

दोन्ही पत्रे पाठवतेय. मुंढा तुझा तसाच ठेवलाय, एका जागी फक्त कानशीने घासून फुगवलाय. पत्र्यांच्या जाडीमुळे जुने बोल्ट आखूड पडतील, म्हणून लांब बोल्ट सोबत आहेत. ॲक्सिलरेटरची केबलही तेवढीच सैल करावी लागेल, ते विसरू नकोस, नाहीतर गाडी उभ्या जागी गुरगुरत राहील. प्रत्येक थराला सीलची पेस्ट पातळ लाव, भाकरीला तूप लावतात तशी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तपासणीला गाडी थंड नेऊ नकोस. धुराची वाट तापलेली असेल तरच कच्चं पेट्रोल जळतं. लांबचा फेरा मारून ने. रांगेत इंजिन बंद करायला सांगितलं तर करायचं नाही. कुणीही सांगितलं तरी.

तुझं कौतुक मी कागदावर करणार नाही. ठोकळा मी खरं तर त्याच दिवशी मागवला होता, ज्या दिवशी तुला ते तिरकस पत्र टाकलं. तो वेळेत येणार नाही हेही खरं होतं. पण मागवला होता, एवढं तुला माहीत असू दे.

नणंद


२८ मार्च

वन्सं!

आधी निकाल लिहून टाकते, म्हणजे तुम्ही पत्राचा शेवट आधी बघणार नाही. पास! मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली! काचेवर पासची चिठ्ठी चिकटवून दिली आहे आणि हे मघापासून ती बाहेरून एकदा, आतून एकदा वाचतायत.

आता सावकाश सांगते.

पत्रे बसवले, थर थर पेस्ट लावली, बोल्ट मधून कडेकडे. केबल सैल केली. इंजिन सुरू केलं. ह्यांनी लांबूनच विचारलं, "पाणी?" मी म्हटलं, नाही. "नक्की?" मी म्हटलं, या आणि हात लावा. आले नाहीत. मग मीच पंपाची नळी जोडायच्या आधी त्या तोंडाशी बोट धरलं. कोरडं. बोट काढलं आणि बघत राहिले. लग्नातसुद्धा मी स्वतःच्या बोटाकडे एवढं बघितलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी शहराला पूर्ण वळसा घालून गेलो. रांग मोठी होती. पुढे एक टेम्पो, मागे एक लांबलचक नवी मोटार. तपासनीस पेन्सिल कानावर खोचून आला.

"ही फिरत्या इंजिनाची ना? दोनदा येऊन गेलीय. बाई, आधीच सांगतो, आशा ठेवू नका. आणि इंजिन बंद करा, रांगेत धूर नको."

"बंद करणार नाही."

"सगळ्यांनी केलंय."

"सगळ्यांची इंजिनं वेगळी आहेत. माझं तापलेलं असायला हवं. माझ्या नणंदेने सांगितलंय."

"नणंद कोण? इंजिनिअर आहेत का?"

"नणंद आहे," मी म्हटलं. "तुम्हाला बहीण असेल तर बायकोला विचारा, ती सांगेल."

मागच्या मोटारीतला माणूस हसला. तपासनीसाने पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि निघून गेला. ह्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले होते ते शेवटपर्यंत काढलेच नाहीत.

मग आमची पाळी. त्याने गाडीच्या धुराच्या नळीत यंत्राची नळी घातली आणि यंत्राकडे बघितलं. नळी काढली, हलवली, पुन्हा घातली. मला म्हणाला, जरा रेस करा. केली. आणखी करा. केली. वन्सं, तो आवाज! खरखर नाही, धडधड नाही, नुसतं वर वर चढत जाणारं एकसंध गुणगुणणं. रांगेतले लोक खाली उतरून बघायला आले. तपासनीस यंत्रावर टकटक करून म्हणाला, "माझं यंत्र बिघडलंय." त्याने मागची नवी मोटार पुढे बोलावून तिला नळी लावली. ती बरोबर आली. पुन्हा आमची लावली. पुन्हा तेच.

"काय केलंत तुम्ही हिला?"

"अस्तर घातलं," मी म्हटलं.

त्याने बॉनेट उघडायला सांगितलं. प्लेट बघितली, कडेचे दोन पत्रे बघितले, पेन्सिलच्या टोकाने ते मोजले. मग म्हणाला, "हे कुणी केलं त्यांना सांगा, अशा अजून दोन गाड्या माझ्याकडे नापास होऊन पडल्यात. मालक रडकुंडीला आलेत."

ते मी आता तुम्हाला सांगतेय.

पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन तुमच्याकडे येते. हे येणार नाहीत, त्यांना घाटाची भीती वाटते, माझ्या घाटातल्या ड्रायव्हिंगची त्याहून जास्त. तुम्ही फक्त शॉपचं दार उघडं ठेवा.

तुमची भावजय


९ एप्रिल

अगं ए वेडे,

हे पत्र टपालात टाकणार नाही. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितेय, संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात देईन. पण आधी लिहायला हवं. समोर आले की मी वाकडंच बोलते, तुला ठाऊक आहे.

तू आलीस तो दिवस मी कुणालाच नीट सांगू शकलेले नाही. तुझी गाडी कोपऱ्यावर वळली त्याच्या आधी मला ती ऐकू आली. मी मशीन थांबवलं. फोरमनला म्हटलं, थांब, बोलू नकोस. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना तू क्लच लवकर सोडतेस, ते मला आत बसून कळलं. बाकी काही खरखरत नव्हतं. मी इतकं कान देऊन ऐकलं, पण एकही बोल्ट ढिला नव्हता. सगळं शॉप बाहेर आलं, आणि तू खाली उतरून मला म्हणालीस, "ऐकलंत ना?" आणि मी बॉनेटवर ओरडले, हे कसलं धुतलंय, डाग तसेच आहेत. त्याबद्दल माफ कर.

मग तीन दिवस राहिलीस, आणि काल सकाळी उठले तर तू नाहीस. गाडी अंगणात, किल्ली माझ्या चष्म्याजवळ, आणि तुझी चिठ्ठी: "ही तुमची. बाबा तुम्हालाच ऐकत होते." आणि स्वतः बसने गेलीस! शिलाईच्या पेटीसकट!

रागाने मी दिवसभर काम केलं. संध्याकाळी गाडीत बसले. ती मी कधी चालवलीच नव्हती, तुला माहीत आहे? खाली आडवी पडून तिचं सगळं पोट बघितलं होतं, पण चाक बाबांच्या हातात, मी बाहेर टॉर्च धरून. काल पहिल्यांदा चाक धरलं. मोठ्या रस्त्याला लागले आणि पाय दाबला. तो काटा वर जात राहतो आणि इंजिन म्हणतं, अजून, अजून. इतर इंजिनं अशा वेळी किंचाळतात, हे गातं. आणि माझी प्लेट आणि तुझा मुंढा तिथे आत, त्या सगळ्या आगीच्या आणि हवेच्या मधोमध, गुपचूप आपलं काम करतायत. या वयात मी एकटीच मोठ्याने ओरडले. एक ट्रकवाला बाजूने बघत गेला.

गाडी मला नको. नीट वाच. ती तुझ्या नावावर आहे आणि तुझ्याच शेडमध्ये राहील. बाबांनी ती ज्या हातात दिली तो हात बरोबर होता, हे मी आता तपासून खात्री करून सांगतेय. मला दुसरं काहीतरी हवंय. ती बिघडेल. जुनी आहे, बिघडणारच. ती बिघडली की सगळ्यात आधी मला कळवायचं. गॅरेजवाल्याला नाही, बंड्याला नाही, मला. आणि त्या दोन नापास गाड्यांचे ठोकळे मी मागवलेत. ठसे घ्यायला मी स्वतः तुझ्याबरोबर येणार. तू कागद दाबायचास, मी धरायचा.

चहावाला विचारतोय, बाई, ही गाडी कुणाची? मी म्हटलं, आमच्या वहिनीची.

चहा संपला. समोर मोठा चढ आहे आणि पुढे तीन ट्रक सरपटतायत. तिघांनाही मागे टाकून येते.

तुझी ताई